पदराआडची गाठ

पिंपळीच्या आमच्या घरात सुनेच्या डोक्यावरचा पदर हा चर्चेचा विषय नाही. तो असतो. बारामतीत बायका स्कूटीवरून ऑफिसला जातात, मीही लग्नाआधी शेळगावहून इंदापूरला कॉलेजला ड्रेस घालून जात होते, हे सगळं खरं. पण सासरचा उंबरा ओलांडला की पदर डोक्यावर, आणि तोही नुसता टेकवलेला नाही. दोन्ही कडा गालांच्या पुढे ओढून घेतलेला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, दिवसभर ओसरीतल्या खाटेवर बसलेले असतात, आणि स्वयंपाकघरातून गोठ्यात जायचं काय, नळावर जायचं काय, त्यांच्या समोरूनच जावं लागतं. लग्न झालं त्या वर्षी मी यावरून फार धुसफुसले. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, या गोष्टीचा मला आता राग येतो.

पदर असा ओढला की समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात, तसंच. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. माझी नजर दोन्ही बाजूंनी जात होती आणि आम्ही घरातली सगळी माणसं ते पदरावर ढकलत होतो.

सुरुवात डोकेदुखीने झाली. कपाळाच्या आत, भुवयांच्या मधोमध, कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं दुखायचं. गावातले डॉक्टर म्हणाले, पित्त. पित्ताच्या गोळ्या झाल्या. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सुंठ उगाळून लेप लावला. मी चहा सोडला, डोकं आणखी दुखलं, चहा परत धरला. मग पाळी थांबली. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती, एकुलती एक. पाळीचं कळल्यावर आत्याबाई एकदम माझ्याशी गोड बोलायला लागल्या. मला पाण्याचा हंडा उचलू देईनात, दिवस असताना चालत नाही म्हणून शेपूची भाजी ताटात वाढेनात.

त्यात एके दिवशी ब्लाउज ओला झाला. दूध. पोरगी सायकलवर शाळेला जाते आणि आईला दूध येतंय. लाजेनं मला कुठं तोंड लपवू असं झालं. त्या महिन्यात आमच्या दोन म्हशी आटल्या होत्या, म्हणून मी ह्यांना म्हटलं, "आता माझंच घाला डेअरीला." हे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी बारामतीहून तपासणीची पट्टी घेऊन आले, तिच्यावर एकच रेघ उमटली. आत्याबाईंचा पट्टीवर विश्वास नव्हता. "ती प्लास्टिकची पट्टी खरी आन दूध खोटं व्हय?" असं त्या चार दिवस म्हणत होत्या. बायकांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पोट रिकामं असल्याचं सांगितलं तेव्हा त्या माझ्याशी बोलायच्याच थांबल्या. जणू मी त्यांना मुद्दाम आशा लावली होती. डॉक्टरांनी पाळी यायच्या गोळ्या दिल्या. दुधाचं विचारलं तर म्हणाल्या, होतं कधी कधी.

डोळ्यांचं मात्र कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. लोक मला विचारतात, अगं बाजूला काळं दिसत असेल की, कळलं कसं नाही? काळं दिसत नाही. आपल्या पाठीमागं काय आहे ते आपल्याला काळं दिसतं का? तिथं काही दिसायचं असतं हेच आपल्याला माहीत नसतं. तसं ते बाजूचं जग गुपचूप माझ्या पाठीमागं गेलं. चौकटीला खांदा घासायला लागला. म्हशीचं शिंग दंडाला लागलं. शेजारी ठेवलेला तांब्या रोज लवंडायला लागला. ढोबळी मिरची क्रेटमध्ये भरताना चांगल्यात डागी जाऊ लागली, म्हणून मी मान पार खाली घालून, एकेक फळ डोळ्यांसमोर आणून निवडायची. चालतानाही मान खाली, पाऊल बेतानं.

आणि याचं झालं कौतुक! आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या ते मी आतून ऐकलं. "आता कुटं वळण लागलं बगा. आदी कशी ताडताड चालायची. आता मान वर करत न्हाय." लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी त्यांच्या मनासारखी सून झाले होते. घराबाहेरच्या बायकांचं मत मात्र उलटं पडलं. एका लग्नात काटेवाडीची नणंद माझ्या शेजारून दोनदा गेली, मी ओळख दिली नाही, तर तिने सगळ्या पंगतीत बोभाटा केला, "वहिनीला लय माज आलाय." घरी मी सुशील आणि लग्नकार्यात माजोरी. दोन्हीचं कारण एकच होतं आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दिवाळीला मी माहेरी शेळगावला गेले. माहेरी डोक्यावर पदर नसतो, तिथं मी मोकळी. अंगणात भावाने बाजारासाठी पेरूची क्रेटं लावून ठेवली होती. मी हौदावर हात धुवायला निघाले आणि सगळ्यात कडेच्या क्रेटात पाय अडकून पेरवांसकट आडवी झाले. आई धावत आली. लागलं नाही असं बघून हसायला लागली. म्हणाली, "डोक्यावर पदर न्हाय, तरी पदर घेतल्यागत चालतीस. सासरच्यांनी पार मुरवली की गं तुला." मीही हसले. आम्ही दोघींनी अंगणात बसून हसत हसत पेरू गोळा केले. माझ्या आईने माझा रोग बरोबर ओळखून शब्दांत सांगितला होता, आणि आम्ही दोघी त्याच्यावर हसलो.

डोळे तपासले नव्हते असंही नाही. बारामतीत चष्म्याच्या दुकानात नेलं होतं. समोर अक्षरांचा तक्ता, मी समोर बघतेय, शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. समोरचं मला दिसतच होतं! दुकानदाराने बारीकसा नंबर काढला, डोकं दुखतं ते यानेच म्हणाला. चष्मा लावून मी पुन्हा चौकटीला धडकायला लागले.

मग उसाचा हंगाम सुरू झाला. मुलीला आणायला मी रस्त्यापर्यंत गेले होते. दोघी कडेने चालत परत निघालो. ती माझ्या डाव्या हाताला होती, काहीतरी शाळेतलं सांगत होती, आणि मी रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं. तिने मागून माझा पदर धरून मला जोरात ओढलं. माझ्या समोरून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर गाणी लावलेली, धडधडत निघून गेल्या. उसाची पाती तोंडाला घासली. मुलगी रडत होती आणि माझ्यावर ओरडत होती, "आई, एवढा मोठा ट्रॅक्टर! गाणं तरी ऐकायचं. तुला दिसला न्हाय?" ऐकू आलं होतं गं. पण गाणी त्या रस्त्याला दिवसभर चालूच असतात. दिसला नाही. तिच्या हातात माझ्या पदराचा टोकाकडचा तुकडा फाटून आला होता.

म्हणून आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. हे, आत्याबाई आणि मी. डॉक्टर तरुण मुलगी होती, आवाज शांत. तिने आधी सगळं विचारून घेतलं. डोकं कुठं दुखतं, पाळी कशी आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात पाळीचं काय काम, असं आत्याबाई पुटपुटल्या. मग ती माझ्यासमोर गुडघ्याला गुडघा लागेल अशी खुर्ची ओढून बसली. "एक डोळा झाका. माझ्या नाकाकडं बघायचं, दुसरीकडं नाही. मी बाजूला बोटं धरते, किती आहेत सांगा." मी नाकाकडे बघत बसले. ती थांबली आणि म्हणाली, "ताई, पदर मागे घ्या ना. आड येतोय."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. खोलीत हे होते, एक मदतनीस पुरुष होता. त्या क्षणभर थांबल्या, मग स्वतःच उठून त्यांनी माझा पदर मागे सारला. मी पुन्हा डॉक्टरच्या नाकाकडे बघायला लागले. नाकात बारीक चमकी होती. ती काहीच विचारीना. मी वाट बघत राहिले.

"किती बोटं?"

"धरा की आधी," मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाली, "पदर मागे घेतलाय ना नीट?"

"घेतलाय की वो बाई," आत्याबाई म्हणाल्या. "म्याच घेतला." त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

मी हात डोक्यावर नेला. केस होते, भांग होता, पिन होती. डोकं मोकळं होतं. मग डॉक्टरचा हात हळूहळू पुढे आला आणि तिच्या कानाच्या रेषेपर्यंत आल्यावर मला एकदम बोटं दिसली. चार. ती आधीपासून तिथं होती. दुसऱ्या डोळ्याचंही तेच, दुसऱ्या बाजूला. इतकी वर्षं मी समजत होते की मी कापडाच्या आडून बघतेय. कापड काढलं आणि आड तसंच होतं. तिथल्या तिथं मला इतकी भीती वाटली की मी लहान पोरीसारखा ह्यांचा हात धरला, आत्याबाईंच्या देखत.

नंतर एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. मधल्या दिव्याकडे बघायचं आणि आजूबाजूला ठिपका लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. एकेक ठिपका येत होता आणि मग येतच नव्हता. मी इतकी वाट बघितली की मदतनीस म्हणाला, "डुलकी लागली काय ताई?" कागद निघाला त्यावर दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या अर्ध्या बाजू काळ्याकुट्ट होत्या. काळं तिथं होतं, कागदावर.

डॉक्टरने समजावलं. दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू एकदम जाते तेव्हा दोष डोळ्यांत नसतो. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी, दोन्ही नसा एकत्र येतात आणि बाहेरच्या बाजूचं चित्र नेणारे धागे तिथं एकमेकांना ओलांडतात. त्या जागेच्या बरोबर खाली हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. पाळी, दूध, वाढ, अंगातली ताकद, सगळ्याची किल्ली तिच्याकडे. तिच्यात गाठ किंवा पाण्याची पिशवी झाली की ती वर सरकते आणि तेच धागे आधी चेपतात. पाळी, दूध, डोकं, ट्रॅक्टर, पेरू, सगळं तिने एका दमात एका दाण्याशी आणून बांधलं. मग टॉर्च लावून डोळ्यांच्या आत बघितलं आणि म्हणाली, नस फिकट दिसतेय, दाब काढल्यावर किती नजर परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही.

एमआरआयला जाण्याआधी अंगावरचं सगळं काढायचं होतं. पाटल्या, जोडवी, मंगळसूत्र. मंगळसूत्राला आत्याबाई अडल्या. शेवटी त्यांनी दोऱ्याला हळकुंड बांधून ते माझ्या गळ्यात घातलं. गाठ बसेना. आत त्या नळकांड्यात ठणाणा आवाज होत होता. अर्ध्यात बाहेर काढून शिरेत रंगाचं औषध सोडलं, पुन्हा आत. ते कशाला ते नंतर कळलं. गाठ तो रंग पिते आणि फोटोत उजळते. नुसती पाण्याची पिशवी असेल तर तिची फक्त कड उजळते. माझी गाठच निघाली, पोटात थोडं पाणी धरलेली. हरभऱ्याचा दाणा राहिला नव्हता, तिथले डॉक्टर म्हणाले, मोठ्या बोराएवढं झालंय.

आता सगळं रक्तावर होतं. पुण्याच्या हार्मोनच्या डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, बऱ्याच तपासण्यांचं. त्यातली एक दुधाच्या हार्मोनची. ते म्हणाले, हा आकडा फार मोठा आला तर आपलं नशीब. म्हणजे गाठच ते हार्मोन बनवतेय, तशा गाठी नुसत्या गोळ्यांनी आक्रसतात, कधी कधी नजरही लवकर मोकळी होते. आकडा थोडाच वाढलेला असेल तर गाठ मुकी आहे, ती फक्त ग्रंथीच्या देठावर दाब देतेय, म्हणून दूध येतंय. मग गोळीचा उपयोग नाही, ऑपरेशन.

जगात लोक रिपोर्ट चांगला यावा म्हणून देवाला साकडं घालतात. आम्ही तो वाईट यावा म्हणून घातलं. आत्याबाई हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून जपमाळ ओढत होत्या, "आकडा मोठा येऊ दे रं देवा." शेजारची बाई त्यांच्याकडे विचित्र बघायला लागली. आकडा थोडासाच वाढलेला आला. ज्या दुधाने आत्याबाईंना फसवलं होतं, त्याने मलाही फसवलं. हे बाहेर जाऊन पाण्याची बाटली घेऊन आले आणि ती तशीच हातात धरून बसले, कुणालाच दिली नाही.

गाठ नाकातून काढली. कपाळावर टाका नाही, डोक्यावर पट्टी नाही. घरी आल्यावर अर्धं गाव बिस्किटचे पुडे घेऊन बघायला आलं आणि बघण्यासारखं काहीच नसल्यामुळे थोडं नाराज होऊन गेलं. "डोस्कं फोडलंच न्हाय?" एका आजोबांनी मला तोंडावर विचारलं. तपासणीत गाठ साधी निघाली. कॅन्सर नाही. मामंजींनी पेढे वाटले. आलेला प्रत्येक माणूस म्हणायचा, देवाची कृपा, साधी गाठ. ही साधी गाठ माझी अर्धी नजर घेऊन गेली, पण कॅन्सर नाही म्हटल्यावर रडायची सोयच राहिली नाही. मी रडले की लोक म्हणत, अगं, लोकांना काय काय होतं.

दूध थांबलं. डोकेदुखी थांबली. ग्रंथीला आता जमत नाही ते भरून काढायला सकाळी उठल्या उठल्या एक गोळी, ती जन्माची लागली. आणि मी नजर परत येण्याची वाट बघत राहिले. रोज सकाळी ओसरीत बसून समोरच्या लिंबाकडे बघायचं आणि कडेचा गोठ्याचा खांब दिसतोय का ते पाहायचं. मान न वळवता. कधी वाटायचं दिसला. मग कळायचं की तो तिथं असतो हे मला माहीत आहे, म्हणून दिसल्यासारखं वाटतंय.

काही महिन्यांनी पुन्हा त्याच वाडग्यासमोर बसले. हनुवटी टेकवली, बटण हातात घट्ट धरलं. ठिपके आले, थांबले. मी थांबले. या वेळी मदतनीस डुलकीचं काही बोलला नाही. कागद पहिल्या कागदावर ठेवला तर दोन्ही एकच वाटावेत असा होता. ती शांत आवाजाची डॉक्टर म्हणाली, नस वाळलीय, आहे ती नजर आता टिकेल, गेलेली येणार नाही. आणि मग, बहुतेक स्वतःशीच, "थोडं आधी आला असतात तर." ते आम्ही तिघांनीही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई ओसरीत मामंजींच्या खाटेपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आजपस्नं ह्या घरात पदर न्हाय. म्या सांगतीया." मामंजींनी नुसती मान हलवली, जणू त्यांनी तो कधी मागितलाच नव्हता. मग त्या माझ्याकडे आल्या. बाजूने आल्या असत्या तर मी दचकले असते, हे आता त्यांना ठाऊक आहे. त्या वळसा घालून समोर येतात आणि आधी बोलतात. "म्या हाय गं." त्यांनी माझा पदर खांद्यावर सारला आणि म्हणाल्या, "लेकीवानी ऱ्हा. मोकळी ऱ्हा." लग्नाच्या वर्षी हे ऐकलं असतं तर मी अंगणात नाचले असते.

मुलगी आता माझ्या डाव्या बाजूने चालताना माझा दंड धरते. सोडला तर ती माझ्यापुरती तिथं नसतेच, तिचा आवाज तेवढा असतो. ती उंच झालीय म्हणतात. ते बघायला मला तिला समोर उभं करावं लागतं, आणि या वयाच्या पोरी कुठं समोर उभ्या राहतात?

पदर मी अजून घेते. आत्याबाई आधी विनवायच्या, मग चिडल्या, आता गप्प असतात. त्यांना वाटतं मी सूड उगवतेय. ह्यांना वाटतं सवय. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. डोकं मोकळं असलं की दिसत नाही ते माझ्या आतून दिसत नाही, त्याला काही इलाज नाही. पदर पुढे ओढला की दिसत नाही ते कापडामुळे. रोज सकाळी आंघोळ झाली की मी आरशासमोर उभी राहते, दोन्ही कडा गालांच्या पुढे घेते, आणि तेवढ्यापुरतं मला वाटतं की हा मागे सारला तर सगळं दिसेल. म्हणून मी तो मागे सारत नाही.